गॅस पाइप की व्हॉल्व्ह?

नवे घर बांधताना किंवा जुन्या घरात संडास-बाथरूम काढताना छतापर्यंत गॅस पाइप नेण्याऐवजी आतच एक छोटा व्हॉल्व्ह बसवला तर चालेल का, असा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. प्रश्न प्लंबरचा वाटला तरी त्यात घरच्यांचे आरोग्य गुंतलेले आहे, म्हणून आज त्याविषयी.

मोरी, बेसिन आणि संडास या प्रत्येकाला ट्रॅप असतो. त्यात साचून राहिलेले पाणी हाच घर आणि गटार यांच्यातला पडदा. हे पाणी किमान ५० मिलिमीटर खोल असावे. फ्लश ओढला की पाण्याचा लोंढा पाइपातून खाली जाताना मागची हवा ओढतो. ती हवा वरून मिळाली नाही, तर जवळच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. मोरीतून गुडगुड आवाज येतो तो बहुधा यामुळेच. पाणी गेले की घाण वायू, झुरळे आणि रोगजंतू यांना घरात यायला वाट मोकळी होते.

हा धोका किती मोठा असू शकतो, हे मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत दिसले. तेथे ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला. बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप हे प्रसाराचे एक प्रमुख कारण असावे, असे तपासात आढळले.

आता व्हॉल्व्हविषयी. एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह म्हणजे रबरी चकतीची एकमार्गी झडप. पाइपात ओढ निर्माण झाली की ती उघडून हवा आत घेते, एरवी बंद राहते. फायदे खरे आहेत. स्लॅबला भोक पाडावे लागत नाही, गळतीची भीती नाही, खर्च वाचतो. छतापासून दूर असलेल्या बेसिनसाठी किंवा खालच्या मजल्यावर नव्याने काढलेल्या संडासासाठी ही चांगली सोय आहे.

परंतु ही झडप हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. तोट्याचे मूळ इथेच आहे. आपल्याकडे अनेक घरांना सेप्टिक टँक असते. टँकमध्ये मैला कुजून सतत वायू तयार होतो. त्याला बाहेर जायला उघडा पाइप नसेल, तर तो ट्रॅपमधून घरात शिरू पाहतो. त्यातील हायड्रोजन सल्फाइडने डोळे चुरचुरतात, डोके दुखते, मळमळते. प्रमाण फार वाढले तर नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो आणि जिवावर बेतते. शिवाय व्हॉल्व्हचे रबर कालांतराने कडक होते, त्यात कचरा अडकतो. भिंतीत चिणलेला व्हॉल्व्ह बिघडला तर शोधणार कसा?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. व्हॉल्व्ह हा मदतनीस आहे, गॅस पाइपाची जागा तो घेऊ शकत नाही. घराला छताच्या वर जाणारा निदान एक उघडा पाइप हवाच. तो खिडकी आणि पाण्याच्या टाकीपासून दूर असावा. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, कारण हत्तीरोग पसरवणारा क्यूलेक्स डास सेप्टिक टँकमध्येही वाढतो. व्हॉल्व्ह बसवलाच तर हात पोहोचेल अशा, हवेशीर जागी बसवा आणि वर्षातून एकदा तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र ना पाइप करू शकतो, ना व्हॉल्व्ह. वापरात नसलेल्या मोरीतले पाणी उन्हाळ्यात आटते. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला विसरू नका. बिनखर्चाचा हा उपाय घरातल्या कोणालाही जमेल.