वाचणाऱ्याचे गाव

गणपतीपुळ्याचे दर्शन आटोपून जयगडच्या रस्त्याला लागले की दोनेक किलोमीटरवर मालगुंड येते. माडा-पोफळींच्या सावलीतले हे समुद्राकाठचे गाव कृष्णाजी केशव दामले यांचे, म्हणजे केशवसुतांचे जन्मगाव. 1866 साली ज्या घरात ते जन्मले, ते घर आज जपून ठेवलेले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने तिथे स्मारक उभारले आणि 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगडांवर कोरलेल्या कविता वाचत माणूस पुढे जातो, तो ग्रंथांपाशी येऊन थांबतो. अलीकडे राज्य शासनाच्या ‘पुस्तकांचे गाव’ या योजनेतही मालगुंडचे नाव आले.

कवीच्या गावाला पुस्तकांचे गाव म्हणावे, हे उचितच झाले. या निमित्ताने एक प्रश्न मात्र नीट विचारून घ्यायला हवा. पुस्तके माणसाला नेमके काय देतात? ‘वाचाल तर वाचाल’ ही ओळ आपण शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे रंगवत आलो. वाचल्याने माणूस वाचतो तो कसा, हे मुलांना समजावून सांगायचे मात्र राहून जाते. या प्रश्नाचे उत्तर शोधायला मालगुंडच्या बाहेर जाण्याची गरज नाही. ते त्या घरातच आहे.

केशवसुतांच्या आयुष्यात बाहेरून पाहता थोर म्हणावे असे फारसे काही घडले नाही. वडील मराठी शाळेत शिक्षक. कृष्णाजींचे शिक्षण खेड, बडोदे, वर्धा, नागपूर असे अडखळत झाले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून 1889 मध्ये ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय तेविशीला आलेले होते. पुढे मुंबईत, मग खानदेशातल्या फैजपुरात आणि शेवटी धारवाडला त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीत प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. वय चाळीसही नव्हते. हयातीत त्यांच्या कवितांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपटे यांनी तो 1917 मध्ये प्रसिद्ध केला. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या कविता दीडशेसुद्धा भरत नाहीत. तरीही आधुनिक मराठी कवितेचा आरंभ सांगताना पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते.

पैसा, पद, परदेशप्रवास यांपैकी काहीही नसलेल्या या शिक्षकाकडे पुस्तके होती. फ्रान्सिस पालग्रेव्हने संपादित केलेला ‘गोल्डन ट्रेझरी’ हा इंग्रजी कवितांचा संग्रह त्यांच्या वाचनातला. वर्ड्‌सवर्थ, शेली, एमर्सन हे त्यांना भेटले ते छापील पानांतून. अशा वाचनातूनच चौदा ओळींच्या सॉनेटची त्यांना ओळख झाली. इटलीत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला हा काव्यप्रकार केशवसुतांनी मराठीत आणला. 1892 मधले ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतले पहिले सुनीत मानले जाते. कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या एका माणसाने युरोपातल्या कवींचा घाट उचलला, त्यात आपली भाषा भरली आणि मराठीला एक नवे भांडे मिळाले. पुढच्या पिढ्यांनी त्यात आपापले पाणी ओतले.

पण घाट उचलणे ही वाचनाची लहानशी देणगी झाली. मोठी देणगी वेगळी आहे. केशवसुतांनी दूरदेशीच्या कविता वाचल्या आणि त्यांची नजर आपल्याच रस्त्यावर येऊन स्थिरावली. सावली पडेल म्हणून हाकलले गेलेले अस्पृश्य मूल घरी येऊन आईला कारण विचारते, ही ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेची कथा. काम सुटल्यामुळे घरात उपासमार आलेला मजूर त्यांच्या दुसऱ्या एका कवितेत बोलतो. ते मूल आणि तो मजूर त्या काळातल्या प्रत्येक सुशिक्षिताने रोज पाहिलेले होते. कवितेचा विषय म्हणून त्यांच्याकडे पाहायला मात्र फारसे कोणी धजावले नव्हते. केशवसुत धजावले, याचे श्रेय जसे त्यांच्या मनाला तसे त्यांच्या वाचनालाही आहे. सामान्य माणसाचे साधे जगणे हा कवितेचा विषय होऊ शकतो, हे इंग्रजी कवितेने दाखवले होते. जन्माने माणसाची किंमत ठरवणे बुद्धीला पटत नाही, हे समाजसुधारक आगरकर 1888 पासून आपल्या ‘सुधारक’ पत्रातून निक्षून सांगत होते. पुस्तकातले आणि वर्तमानपत्रातले हे दोन प्रवाह एका संवेदनशील वाचकाच्या मनात मिसळले आणि मराठी कवितेला केशवसुतांची ‘तुतारी’ ऐकू आली.

म्हणूनच वाचन माणसाला त्याच्या जगातून पळवून नेते, ही समजूत अपुरी आहे. चांगले वाचन माणसाला दूर नेते हे खरे, पण परत आणून सोडते ते त्याच्याच अंगणात, आणि मग ते अंगण त्याला पहिल्यासारखे दिसत नाही. ‘नैऋत्येकडील वाऱ्यास’ या कवितेत केशवसुतांना दूर राहून आपले कोकण आठवते. घराच्या आठवणीने कोणाचेही मन भरून येते; त्या भरून येण्याला शब्द सापडणे ही वाचनाने पोसलेल्या मनाची कमाई असते. कल्पनाशक्ती शून्यातून काही घडवत नाही. तिला साठा लागतो, आणि एका माणसाच्या वाट्याला आलेला अनुभव नेहमीच तोकडा असतो. पुस्तके त्या साठ्यात इतरांच्या आयुष्यांची भर घालतात.

याच घरात वाचनाचे दुसरेही फळ दिसते. केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले. 1911 मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही. एका भावाने भाषेला नवी झेप दिली, दुसऱ्याने भाषेचे नियम शांतपणे उलगडून मांडले. वाचनाने प्रत्येक जण कवी होईल असे नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. कोणाची कल्पना फुलेल, कोणाची विचारशक्ती टोकदार होईल, कोणाला फक्त आपल्या मनातले नीट सांगता येऊ लागेल. ज्याचे त्याचे बी वेगळे, पण पाणी एकच.

हे घडते कसे, तेही थोडे पाहू. पहिली गोष्ट शब्दांची. अमेरिकेतील डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स यांनी 1988 मध्ये बोली आणि छापील भाषेची मोजदाद करून तुलना केली. त्यांच्या इंग्रजीवरील अभ्यासात पदवीधर माणसांच्या आपसातल्या बोलण्यात दर हजार शब्दांमागे सुमारे 17 शब्द क्वचित वापरले जाणारे निघाले. मुलांच्या पुस्तकांत हेच प्रमाण 31 च्या आसपास होते. म्हणजे घरात कितीही शिकलेली माणसे असली, तरी मुलाला जे शब्द पुस्तक देते ते नुसत्या गप्पांतून मिळत नाहीत. ज्या भावनेला शब्द नाही ती मनात धुसफुसत राहते. शब्द मिळाला की तिच्याकडे पाहता येते. रुसवा, हेवा, खंत, अपराधीपणा यांतला फरक ज्या मुलाला कळतो, ते मूल स्वतःलाही अधिक ओळखते. व्यक्तिमत्त्व घडणे म्हणतात त्याचा मोठा भाग हा असा असतो.

दुसरी गोष्ट चित्रांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच पालगडचे साने गुरुजी यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तो मान योग्यच होता. पण चित्रपट पाहताना सगळ्या प्रेक्षकांना एकच आई दिसते. पुस्तक वाचताना प्रत्येक वाचक आपली आई रचतो: तिचा आवाज, तिचे हात, माजघरातला उजेड, विहिरीची वाट. लेखक शब्द पुरवतो आणि उरलेले काम वाचकावर सोपवतो. हे उरलेले काम म्हणजेच कल्पनेचा व्यायाम. पडद्यावरचे तयार चित्र पाहताना तो व्यायाम कमी होतो, इतकेच. पडद्याला शत्रू ठरवण्याचे कारण नाही. मुलांच्या दिवसातला सगळा मोकळा वेळ त्याने घेऊ नये, एवढे आपण पाहायला हवे.

तिसरी गोष्ट सवयीची. लेखनकला सुमारे पाच हजार वर्षांची. मानवी मेंदूच्या वयापुढे हा काळ क्षणभराचा, त्यामुळे वाचनासाठी वेगळी जागा मेंदूत जन्मतः नसते. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान यांनी सविस्तर मांडले आहे की, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांतलाच काही भाग सरावाने अक्षरे ओळखू लागतो. मूल बोलायला आपोआप शिकते. वाचायला त्याला शिकवावे लागते आणि ते टिकवावे लागते. अक्षर लावून वाचणाऱ्याची सारी शक्ती अक्षरांवरच खर्च होते, अर्थापर्यंत पोहोचेपर्यंत तो दमतो. कल्पनेला मोकळीक मिळते ती वाचन अंगवळणी पडल्यावर.

वाचनाचा महिमा सांगताना अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साहित्यिक कथांचे छोटे उतारे वाचल्यावर लगेच इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याची जगभर चर्चा झाली. पुढे इतर संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा तो परिणाम तसा दिसला नाही. यात निराश होण्यासारखे काही नाही. एका उताऱ्याने माणूस बदलत नाही, हे कोणताही जुना वाचक सांगेल. वाचन हे औषधाच्या गोळीसारखे नाही, रोजच्या जेवणासारखे आहे. अंगी लागते ते वर्षांच्या हिशेबाने. पुष्कळ वाचूनही कठोर राहिलेली माणसे असतात आणि एक अक्षर न वाचलेली माणसे मायेचा सागर असतात, हेही आपण पाहतो. पुस्तक दार उघडते. आत पाऊल वाचकालाच टाकावे लागते.

मग गावाचे आणि समाजाचे काम काय? दार उघडे राहील हे पाहणे. रत्नागिरीला याची जुनी परंपरा आहे. तिथले नगर वाचनालय 1828 मध्ये स्थापन झाले आणि राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्या आधाराने गावोगावी शासनमान्य वाचनालये उभी राहिली. सातारा जिल्ह्यातले स्ट्रॉबेरीचे गाव भिलार 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाचा आदर्श त्यामागे होता. फरक असा की तिथे जुनी पुस्तके विकली जातात, भिलारमध्ये ती लोकांच्या घरांत आणि सार्वजनिक जागी ठेवलेली असतात आणि कोणीही बसून विनामूल्य वाचू शकतो. विक्रीपेक्षा बैठकीला महत्त्व देणारी ही कल्पना आपल्या ओसरी-पडवीच्या रीतीला साजेशी आहे.

मालगुंडला यात एक वेगळी संधी आहे. गणपतीपुळ्याला येणारी माणसे वर्षभर या रस्त्याने जातात, त्यामुळे पाहुणा वाचक गावाला मिळेल. पण पुस्तकांच्या गावाची खरी कसोटी पाहुण्यांच्या संख्येवर लागणार नाही. गावातल्या मुलीने पावसाळ्याच्या चार महिन्यांत किती पुस्तके घरी नेली, शेतीची आणि मासेमारीची कामे आटोपल्यावर किती मोठ्यांनी कपाट उघडले, शाळेत रोज वीस मिनिटे परीक्षेशी संबंध नसलेले काही वाचले गेले का, हे मोजले पाहिजे. पुस्तक घरी नेण्याची मुभा हवी, फाटले तर रागावणारा माणूस नको. नव्या पुस्तकांची भर दरवर्षी हवी आणि ती निवडताना मुलांना विचारायला हवे. गावातल्या आजी-आजोबांनी आठवड्यातून एकदा लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवले, तर त्याला अनुदानही लागत नाही. मुंबईहून मे महिन्यात आणि गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांनी येताना मिठाईच्या पुड्याबरोबर एक चांगले पुस्तक आणले, तर कपाट कधी रिकामे पडणार नाही. आणि हे सारे मालगुंडपुरते नाही. वाचनालय असलेल्या प्रत्येक गावाला ते लागू आहे.

15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. तो जरूर व्हावा. पण प्रेरणा वर्षातून एक दिवस आणि वाचन उरलेले दिवस, असा हिशेब जमला पाहिजे. मालगुंडच्या त्या घरातून पुढे गेलेल्या मुलाला मोठा समारंभ कधी मिळाला नाही. त्याला पुस्तके मिळाली आणि ती वाचायला वेळ मिळाला. तेवढ्यावर त्याने एका भाषेची कविता बदलली.

पुढच्या वेळी गणपतीपुळ्याला जाल तेव्हा मालगुंडला तासभर थांबा. बरोबरच्या मुलाला स्वतःच्या हाताने एक पुस्तक निवडू द्या, त्याच्या शेजारी बसून तुम्हीही एक उघडा. तास संपेल तेव्हा त्याचे पुस्तक बहुधा अर्धे राहिलेले असेल. घरी परतल्यावर जवळच्या वाचनालयात त्याचे नाव नोंदवा आणि उरलेले अर्धे तिथून मिळवून द्या.