लिटरच्या मापात न मावणारी उष्णता

विजेचे बिल युनिटवर आकारले जाते आणि युनिट हे ऊर्जेचेच माप असल्याने ग्राहकाने मोजलेल्या पैशांत किती ऊर्जा मिळाली हे त्याला कळते. पेट्रोल-डिझेल मात्र लिटरने, म्हणजे आकारमानाने विकले जाते, आणि तेवढ्याच आकारमानात सामावलेली उष्णता इंधनागणिक बदलते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे ३६ मेगाज्यूल, पेट्रोल जळल्यावर सुमारे ३२, तर इथेनॉल जळल्यावर सुमारे २१ मेगाज्यूल उष्णता मिळते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणे असल्याने, ज्या रेणूचा असा संयोग अंशतः आधीच झालेला आहे तो जळताना कमी उष्णता देणार, हे उघड आहे.

याउलट ऑक्टेन अंकात इथेनॉल पेट्रोलपेक्षा सरस ठरते. इंजिनात इंधन-हवेचे मिश्रण दाबले जात असताना ठिणगीविना आपोआप पेटण्यास इंधन किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. तो उष्णतेचे माप नाही, आणि म्हणूनच अधिक ऑक्टेनचे महागडे पेट्रोल साध्या इंजिनात भरल्याने शक्ती वाढते हा समज बहुतांशी निराधार आहे. (डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटवायचे असल्याने तेथे नेमका उलटा गुण लागतो आणि तो सीटेन अंकाने मोजतात.) मिश्रण अधिक दाबू शकेल अशी इंजिनाची रचना असेल, तरच वाढीव ऑक्टेनचा लाभ पदरात पडतो.

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते पुढे २०२५-२६ वर आणले गेले. वरील आकड्यांचा हिशेब केला तर अशा मिश्रणाच्या लिटरमागे साधारण ७ टक्के उष्णता कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या रचनेच्या चारचाकींत इंधनक्षमता ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के घटेल, असे नमूद केले होते. आयात तेलावरील भार हलका होणे, महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना मळी व उसाच्या रसापासून बनणाऱ्या इथेनॉलमुळे रोख उत्पन्नाचा दुसरा मार्ग मिळणे, हे लाभ खरे आहेत आणि त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्या लाभाची किंमत दुचाकीवर पोट भरणाऱ्या माणसाने, तीही नकळत, का मोजावी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ब्राझीलमध्ये पेट्रोल व इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी २००३ पासून विकल्या जातात आणि पंपावर दोन्ही इंधने स्वतंत्र दराने मिळतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तरच ते भरावे, हा ठोकताळा तेथील चालकांच्या अंगवळणी पडला आहे, कारण निवड आणि माहिती या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती आहेत. येथील प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण व प्रतिलिटर उष्णता ठळकपणे लिहिली जावी, मिश्रित इंधनाचा दर त्या उष्णतेच्या प्रमाणात उतरवला जावा, आणि जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल त्यांच्या आयुर्मानापुरते तरी उपलब्ध राहावे. यांतील पहिल्या मागणीला तर पाटी रंगवण्यापलीकडे खर्चही नाही.