एका पिवळ्या दिव्याची फिर्याद

माणसाला घाबरवायचं असेल तर त्याला संकट सांगू नये. "तुमच्याशी जरा बोलायचंय," एवढंच म्हणून गप्प बसावं. हे तंत्र पूर्वी फक्त हेडमास्तरांना आणि बायकोला अवगत होतं. आता ते मोटारीलाही आलं आहे.

माझी मोटार २०१४ सालची. मेहुण्याने पुण्यात मन भरेपर्यंत वापरली आणि 'गाडी घरातच राहील' म्हणून मला विकली. साक्रीत ती चांगली रमली होती. पण एके दिवशी धुळ्याच्या रस्त्यावर काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.' म्हणजे पोटात दुखतंय म्हणून वैद्यकाचा ग्रंथ उघडावा आणि आत 'डॉक्टरकडे जा' एवढंच छापलेलं असावं!

गावातल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला आणि निर्वाळा दिला, "सर, गाडी चालस ना? मंग चालू द्या! नईतर दिवानी तार तोडी टाकू?"

दोन्ही उपचार स्वस्त होते. पण मी पडलो सुशिक्षित. धुळ्याच्या एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या गणवेशातल्या तरुणाने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं, पडदा मला दिसणार नाही अशा बेताने छातीशी धरला आणि म्हणाला, "सेन्सर गेलाय." बिल चार हजार दोनशे. दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा हजर! फोन केला तर उत्तर आलं, "जुनी गाडी आहे सर, असं होणारच." वाचकहो, हे वाक्य पेन्शनरला ऐकवण्यासारखं नव्हे.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. दिव्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं.

पुढच्या आठवड्यात नवापूरला साडूकडे निघालो. कोंडाईबारीच्या घाटात गाडीला उचक्या लागल्या. मागे सुरतकडे निघालेल्या ट्रकांचे हॉर्न आणि शेजारी सौ. तिने स्टिकरचा कोपरा उचलून पाहिलं. "अहो, हा तर उघडझाप करतोय!"

स्थिर दिव्याचा अर्थ 'सवडीने दाखवा' आणि उघडझाप करणाऱ्या दिव्याचा अर्थ 'आत्ताच थांबा', हे मला नंतर कळलं. उघडझाप होते तेव्हा पेट्रोल सिलिंडरमध्ये न जळताच बाहेर पडत असतं आणि धूर स्वच्छ करणारं महागडं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यापायी तापून निकामी होऊ शकतं. त्या क्षणी मात्र एवढंच कळलं, की ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडात मीच बोळा कोंबला होता.

गाडी दोराने ओढत साक्रीला आली. तिथे वायरिंगची कामं करणाऱ्या एका पोराने काडेपेटीएवढं यंत्र जोडलं आणि मोबाइलचा पडदा चक्क माझ्यापुढे धरला. कोड दोन होते. पहिला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकतंय. प्लग बदलला, उचक्या थांबल्या. दुसरा पी ०१३५. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटी शेगडी असते. त्या शेगडीच्या विजेच्या मार्गात बिघाड आहे, एवढंच हा कोड सांगतो. 'सेन्सर गेला' असं तो म्हणतच नाही! पोराने मीटर लावला. सेन्सरपर्यंत वीजच पोचत नव्हती. तारेचा माग काढत गेला, तर ती उंदराने कुरतडलेली. म्हणजे वर गणपती आणि खाली त्यांचं वाहन! तार जोडून दिली, दीडशे रुपये.

मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. एखादा मुलगा म्हणाला, "सर, फळा दिसत नाही," तर आम्ही खिडकी उघडत असू. मुलाला काढून त्याच्या जागी नवा मुलगा बसवत नसू. मोटारीच्या धंद्यात मात्र तक्रार करणाऱ्यालाच बदलतात, यंत्रातून तक्रार पुसून टाकतात आणि दिवा विझला म्हणून बिल फाडतात.

आता कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाला कोड कळून काय उपयोग? रक्ताच्या रिपोर्टातलं तरी आपल्याला काय कळतं? पण तो हातात मिळतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो. हे कोडही काही गुरुमंत्र नव्हेत. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना ही पद्धत सक्तीची आहे आणि पी ०१३५ चा अर्थ शिकागोत आणि साक्रीत एकच. आपल्याकडे, माझी गाडी जन्मली त्याच वर्षी, म्हणजे २०१४ साली, भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कारण काय, तर सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या मिस्त्र्यांना मिळू दिली जात नव्हती. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टलही उघडलं. हक्क दिल्लीतून निघाला आहे. घाट चढून साक्रीला पोचायचा बाकी आहे.

माझी मागणी मोठी नाही. दिव्याखाली कोड दिसू द्या. बिलावर आधी कोड लिहा, मग काय तपासलं ते लिहा, आणि मगच भागाची किंमत लिहा. न तपासता बदललेल्या भागाचे पैसे गिऱ्हाइकाने का म्हणून भरायचे?

आता आमचा गणपती डॅशबोर्डवर जरा बाजूला बसलाय, दिवा दिसेल असा. चावी फिरवल्यावर तो पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तेवढा तो लागलाच पाहिजे. नाही लागला, तर कोणीतरी तार तोडली आहे असं खुशाल समजा. जुनी गाडी घेताना आधी हे पाहून घ्या, मग ती मेहुण्याची का असेना.