भिंतीवरचे विमान

दिवाणखान्याच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी आणि निसर्गचित्रे यांच्या जोडीला आता पत्र्याची विमानेही दिसू लागली आहेत. लोखंडाच्या वा ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापलेली, जुन्या धातूसारखा तांबूस रंग चढविलेली ही शिल्पे बहुधा दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विमानांच्या घडणीवर बेतलेली असतात. तरुणांना त्यांचे आकर्षण वाटते. घरातील वडीलधारी मात्र विचारतात, युद्धाचे यंत्र शोभेसाठी घरात कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार ज्या घरात शिकविला जातो, तेथे भिंतीवर काय मिरवावे याचाही विचार व्हायलाच हवा. परंतु त्याचे उत्तर सरसकट ‘हो’ वा ‘नाही’ असे देता येत नाही. ते विमान कोणते आणि त्याने काय वाहून नेले, हे आधी पाहावे लागते.

धातूला स्वतःची अशी वृत्ती नसते. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये गृहिणींना आवाहन करण्यात आले, की घरातील ॲल्युमिनियमची भांडी द्या, त्यांतून लढाऊ विमाने घडवू. पातेली आणि किटल्या यांचे ढीग जमले. स्वयंपाकघरातील धातू रणांगणाच्या कामी मागितला गेला, तो असा.

आता डाकोटाचे पाहावे. १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेतील डग्लस कंपनीचे डीसी-३ हे प्रवासी विमान प्रथम उडाले. युद्धात त्याचेच लष्करी रूप हजारोंच्या संख्येने बांधले गेले, आणि इंग्रजांनी त्याला डाकोटा हे नाव दिले. भारतीय वायुदलाकडेही ही विमाने होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून सैनिक घेऊन श्रीनगरला उतरली ती डाकोटाच. पुढे पूंछ शहराला वेढा पडला, तेव्हा घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर याच विमानांनी धान्य उतरविले आणि परतताना जखमी व निर्वासित बाहेर काढले. त्याच मोहिमेत डाकोटाने तोफाही वाहिल्या आणि तिच्या दारातून बॉम्बही ढकलले गेले. विमान एकच, दार एकच. त्यातून अन्न उतरावे की आग, हे माणसाने ठरविले.

बर्लिनची कथा याहून बोलकी आहे. जून १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग रोखले. वीस लाखांवर माणसे अडकली. तेव्हा अमेरिका व ब्रिटन यांनी आधी डाकोटा आणि मग मुख्यतः चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने लावून सुमारे २३ लाख टन माल पोहोचविला. त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा होता. त्यासाठी पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणे झाली आणि अपघातांत शंभरावर जीव गेले. गेल हॅल्वरसन नावाच्या अमेरिकी वैमानिकाला विमानतळाच्या कुंपणापाशी मुले भेटली. त्याच्याजवळ च्युइंगमच्या अवघ्या दोन कांड्या होत्या. त्या मुलांनी वाटून घेतल्या, भांडली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो हातरुमालांच्या लहानशा छत्र्या करून त्यांना चॉकलेट बांधून आकाशातून सोडू लागला. आपले विमान मुलांना ओळखता यावे म्हणून तो पंख हलवून दाखवी. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाच्या विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले होते, त्याच देशाची विमाने आता तेथील मुलांना हवीहवीशी वाटू लागली.

म्हणून शिल्प घेताना आधी त्याचे नाव विचारावे. दोन पंखांवर दोन गोल इंजिने, पोटाला खिडक्यांची रांग आणि जमिनीवर असताना खाली टेकलेले शेपूट असेल, तर ती बहुधा डाकोटा. लंबगोल पंखांचे, एकाच इंजिनाचे विमान स्पिटफायर असू शकते; ते लढण्यासाठीच बनले होते, हे लपवू नये.

मग व्यवहार पाहावा. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला पावणेआठ किलोंहून थोडे अधिक भरते. ॲल्युमिनियमचे त्याच्या जवळजवळ एकतृतीयांश. जड शिल्प नुसत्या खिळ्यावर टांगू नये. भिंतीत छिद्र पाडून प्लग व स्क्रू बसवावेत. कडा घासलेल्या आहेत ना, हे बोट न फिरवता कापड फिरवून पाहावे. पाळण्यावर वा पलंगाच्या उशाशी ते लावू नये. समुद्रकाठच्या गावी लोखंडाला पावडर कोटिंग असलेच पाहिजे.

जे व्यापारी असा माल ठेवतात, त्यांनी किंमतीच्या चिठ्ठीवर विमानाचे नाव, वर्ष आणि काम या तीन ओळी लिहाव्यात. ‘जुने विमान’ एवढे सांगून माल खपेल, पण ग्राहकाच्या घरी नातवंडाने बोट दाखवून ‘हे काय करायचे?’ असे विचारले, की आजोबांपाशी उत्तर नसेल. उत्तर देता येईल तेच विमान भिंतीवर लावावे. ज्याचे उत्तर मुलांपुढे उच्चारायला संकोच वाटेल, ते दुकानातच राहू द्यावे.