उल्लेखांची मोजदाद आणि वाचनाची टाळाटाळ

संशोधकाची थोरवी त्याच्या लेखनाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून ठरवावी, हा प्रघात आता विज्ञानशाखांपुरता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीपासून मराठीच्या प्राध्यापकालाही आपले लेखन गुणांकांत मांडावे लागले. तेव्हा या अंकपूजेचे सर्वांत झळाळते उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांनीही तपासून पाहावे, असे आम्हांला वाटते.

ऑलिव्हर लॉरी हे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९५१ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकाने सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची यादी छापली, तीत हा निबंध तीन लाखांहून अधिक उल्लेखांसह पहिला होता. डीएनएची रचना उलगडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध मात्र त्या शंभरांत नव्हता.

यावरून लॉरींचा निबंध अधिक थोर ठरतो काय? खुद्द लॉरींनीच १९७७ साली हा निबंध काही थोर नव्हे, अशी मोकळी कबुली दिली होती. त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाने मनातून गंमत वाटते, इतकेच ते म्हणाले. जगभरच्या प्रयोगशाळांत ती रीत रोज वापरली जाई आणि वापरणारा तिचा निर्देश करी. ही संख्या उपयोगाची आहे. उपयोग ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, पण उपयोग आणि मोल यांत फरक न करणाऱ्याला समीक्षक कोण म्हणेल?

शिवाय उल्लेख कशासाठी झाला, हे संख्येला कळत नाही. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० साली मागे घेतला. त्याचे उल्लेख विपुल आहेत, पण ते बहुतांशी खंडनासाठी. मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी खंडनही एक आणि मंडनही एक! उलटपक्षी, एखादा विचार शास्त्रात इतका मुरतो की त्याच्या कर्त्याचे नाव घेण्याची कुणाला गरजच वाटत नाही. हे सर्वांत मोठे यश त्या हिशेबात शून्य भरते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अंक नसतील तर वशिला येईल; निदान संख्या कुणाचा भाचा-पुतण्या पाहत नाही, असे म्हटले जाते. वशिल्याने होरपळलेल्यांचा हा संताप आम्हांला मान्य आहे. परंतु अंकांनी वशिला हटवला नाही, त्याला नवा बाजार मिळवून दिला. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके फोफावली. २०१८ साली आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' यादी उभी राहिली. २०२५ साली तीही बंद करण्यात आली. याद्या आल्या आणि गेल्या, पण उमेदवाराचा लेख कुणी वाचला का, हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

हा प्रश्न साहित्याच्या विभागांत अधिक बोचरा आहे. मराठी समीक्षेची उल्लेखसूची जवळजवळ नाहीच. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' या १९७४च्या ग्रंथाला कोणता एच-निर्देशांक लावणार? आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांना वाचायला शिकवणाऱ्यांनीच सहकाऱ्याचे लेखन न वाचता त्याची बेरीज करावी, यासारखी विसंगती दुसरी नाही.

विषशास्त्राचे एक जुने सूत्र असे की द्रव्य विषारी ठरते ते मात्रेमुळे. संख्येलाही ते लागू आहे. पूरक पुरावा म्हणून ती जरूर असावी. पण निवड समितीच्या प्रत्येक सदस्याने उमेदवाराचे निदान दोन लेख वाचून त्यांवर सही करून सकारण मत द्यावे, आणि ते उमेदवाराला पाहता यावे, एवढी आमची मागणी आहे. त्यात वेळ जाईल, हे खरे. तो द्यायचा नसेल तर निदान 'गुणवत्ता' हा शब्द तरी वापरू नये.