लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारची कामं आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर दारात अकोल्याच्या एक बाई उभ्या. ओळखीच्या ओळखीतून अमरावतीपर्यंत आलेल्या. सोबत पंचविशीची मुलगी. मी बायकांच्या घरगुती तक्रारींत मध्यस्थी करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. पाण्याचा पेला हातात घेतला आणि बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"ताई, पोरगी म्हन्ते, लगीन करीन त त्याच्याशीच. पोरगा वाईट नाही, मीबी पाह्यला. पन ते ख्रिश्चन हायेत. उद्या हिचा धर्मच गेला, त मी सोयऱ्याइले काय तोंड दाखवू?"

मुलगी मात्र शांत होती. मुलगा आमच्या अमरावतीचाच. दोघं एका ठिकाणी नोकरीला. आई चहा घ्यायला माझ्यामागे स्वयंपाकघरात आली नाही असं बघून मी पोरीला आत बोलावलं आणि विचारलं, "तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे गं?"

ती म्हणाली, "काकू, मी बदलायला तयार आहे. प्रेम असलं की सगळं आपोआप होतं." मग तिनं मोबाईलवर वाचलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल सांगितलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा काळ, एकटी पडलेली नायिका, देवावर भरवसा ठेवणारा नायक, मध्येच एखादं जुनं पत्र किंवा अनोळखी माणूस, त्यातलं गूढ, आणि शेवटच्या प्रकरणात नायिकेच्या मनात श्रद्धेचा उजेड पडतो. लगेच लग्नाच्या घंटा. अशा कादंबऱ्यांचा तिकडे मोठा वाचकवर्ग आहे म्हणे.

मला हसू आलं आणि काळजीही वाटली. आपोआप? श्रद्धा कधी आपोआप बदलते का? मी कपाटातून एक पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, "हे वाच. यात प्रेम आहे, ख्रिस्त आहे, जुना काळ आहे, गाडीत भेटलेला अनोळखी साहेबही आहे. फक्त हे सगळं खरं आहे, आणि यातली बाई आपोआप काहीही करत नाही." पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींनी शाळेत त्यातला एखादा धडा वाचला असेल. पण चाळिशी ओलांडल्यावर ते पुस्तक पुन्हा हाती घ्या. वेगळंच दिसतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकरा-बारा वर्षांच्या असताना नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, विद्वान, आणि कमालीचे लहरी. न सांगता घरातून निघून जायचे, दिवसेंदिवस पत्ता नसायचा. हा संसार फिरत फिरत आपल्या विदर्भातही आला होता. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं टिळकांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं. नाशिककडून नागपूरला येणारी रेल्वे तेव्हाही अकोला, बडनेऱ्यावरूनच यायची. तुमच्या-माझ्या रोजच्या स्टेशनांवरून ही बाई पोराबाळांसह आणि बोचक्यांसह गेली असणार, या विचारानं मला ती उगीचच जवळची वाटते.

गूढ भाग घडला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, १८९३ साली. टिळकांच्या डब्यात एक गोरा साहेब होता. गप्पा रंगल्या, संस्कृत काव्यावर, मग धर्मावर. उतरण्यापूर्वी साहेबानं त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत! तो साहेब कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही.

कुणालाही ही गोष्ट सांगा, सगळे त्या साहेबापाशीच थांबतात. कोण असेल, कुठून आला, भाकीत कसं खरं ठरलं? आमच्या पोरीचंही तेच झालं. पण मला विचाराल, तर खरं कोडं त्या डब्यात नाहीच. ते आहे घरात राहिलेल्या बाईच्या मनात.

विचार करा, १८९५ साल. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे जिवंतपणी तुटला. त्याच्या हातचं पाणी चालणार नाही, त्याच्या पंक्तीला बसता येणार नाही. निर्णय त्यांचा एकट्याचा होता, परिणाम मात्र दोघांनी भोगायचे. लहानगा दत्तू पदरात. लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या, पंढरपूरलाही होत्या. हा दुरावा जवळजवळ पाच वर्षं चालला. टिळक पत्रं लिहीत राहिले, भेटायला धडपडत राहिले. या बाईंचं नवऱ्यावर प्रेम होतं, हे पुस्तकाच्या पानापानात दिसतं. तरीही केवळ प्रेमापोटी त्यांनी धर्म टाकला नाही.

मग त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, पण कशा? सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. आजही एखाद्या घरात असं चाललं तर कॉलनीभर चर्चा होईल. टिळकांनी ती वेगळी चूल चालू दिली. हा लहरी माणूस इतर बाबतीत बायकोला पुष्कळ छळून गेला असेल, पण इथे तो थांबला. त्यासाठी मी त्यांना मानते.

पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःशी वाद घातला. माणसामाणसांत ही जात कुणी केली, देवानं की माणसानं? माणसानंच, असं त्यांच्या मनानं घेतलं, तेव्हा त्यांनी शिवाशिव सोडली. ख्रिस्ती होणं त्याच्याही नंतरचं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, आपल्या पायांनी, आपल्या चालीनं.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, शेवटी नवऱ्याच्याच मागे गेली ना? त्या काळच्या बाईला दुसरा रस्ता होता कुठे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्या काळी परित्यक्तेसारखं जगणं सोपं नव्हतं आणि नवऱ्याची ओढही होतीच. पण नुसतंच मागे जायचं असतं, तर त्या १८९५ मध्येच गेल्या असत्या. आणि नगरला पोहोचल्यावर वेगळ्या चुलीचा खटाटोप कशाला केला असता? तिथं तर सगळं आयतं होतं. नवरा होता, घर होतं, नवी मंडळी सामावून घ्यायला तयार होती. तरीही बाई म्हणाली, मला पटेल तेव्हाच. तो मधला काळ त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला. माझ्या मते ही सगळी प्रेमकथा त्या मधल्या काळातच आहे.

आणि म्हणूनच ती श्रद्धा टिकली. १९१९ साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईनं ते पुढे लिहायला घेतलं आणि त्यातले बहुतेक अध्याय स्वतः रचले. उसन्या श्रद्धेवर कुणी इतकं काम करत नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला, १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पण आजही ते पुस्तक वाचताना हसता हसता डोळ्यांत पाणी येतं.

गंमत बघा, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची १८५७ सालची 'यमुनापर्यटन'सुद्धा अशीच ख्रिस्ती वळणाची. विधवांची दुःखं सांगणारी. तिच्यातली यमुना विधवा होते, पुढे ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. त्या काळात विधवेच्या बाजूनं एवढं लिहिणं हे मोठंच धाडस. पण यमुनेला लेखकानं चालवलं. तिनं कुठे पोहोचायचं ते त्यानं आधीच ठरवलेलं. लक्ष्मीबाई मात्र अडखळतात, रागावतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. कादंबरीतली नायिका आणि हाडामांसाची बाई यात हाच फरक. आमच्या पोरी यमुनेसारखं व्हायला निघतात आणि त्यांना जगायचं असतं लक्ष्मीबाईंसारखं.

हे मी फक्त ख्रिस्ती घरात जाणाऱ्या मुलीबद्दल म्हणत नाही बरं का. उलटंही बघितलंय. हिंदू घरात आलेल्या ख्रिस्ती सुनेला "गळ्यातला क्रॉस तेवढा काढून ठेव, पाहुणे येऊन राहिले" असं सांगणाऱ्या सासवा आपल्याच वऱ्हाडात आहेत. एकाच धर्मातल्या लग्नातसुद्धा सुनेनं माहेरचं दैवत, माहेरचा उपास गुपचूप गुंडाळून ठेवायचा, ही अपेक्षा असतेच की! बाईची श्रद्धा म्हणजे लग्नाच्या रुखवतात मांडायची वस्तू, असं आपण समजतो. या घरातून उचलली, त्या घरात ठेवली.

म्हणून त्या दुपारी मी आईला आणि मुलीला समोरासमोर बसवलं. आधी कायद्याचं सांगितलं, कारण निम्मी भीती माहिती नसल्यानं असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दोन वेगळ्या धर्मांची माणसं धर्म न बदलता लग्न करू शकतात. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची पूर्ण हवी. दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. चर्चचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते तिथल्या पाळकांना मोकळेपणानं विचारावेत. पण लग्न हवं तर धर्म सोडलाच पाहिजे, असं आपला कायदा म्हणत नाही.

आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग मुलीला म्हटलं, "आता तुझं. तू बदलायला तयार आहेस म्हणालीस. तुला बायबलमधलं काय पटलंय?" ती गप्प. "तो मुलगा उद्या नसता, तरी तू चर्चमध्ये गेली असतीस?" पुन्हा गप्प. "आणि तू तीन वर्षं, पाच वर्षं, कदाचित कधीच नाही बदललीस, तर तो तुझी वेगळी चूल चालवून घेईल का? हे त्याला विचारलंस?"

शेवटच्या प्रश्नावर तिनं मान वर केली. म्हणाली, "नाही विचारलं, काकू."

"मग आधी ते विचार. साखरपुड्याची तारीख नंतर."

आईला वाटलं असेल, मी लग्न मोडायच्या बाजूची. पोरीला वाटलं असेल, मी आईच्या बाजूची. मी दोघींच्याही बाजूची नव्हते. उद्या तिनं मनापासून वाचून, समजून ख्रिस्ती व्हायचं ठरवलं, तर तिच्या आईची समजूत काढायला मी स्वतः अकोल्याला जाईन. आणि नाही ठरवलं, तर तिच्या देवघरातली समई त्या घरात तेवत राहावी म्हणून मुलाच्या आईशीही बोलेन. फक्त जे होईल ते तिचं असावं.

परवा तिचा फोन आला. मुलाशी बोलली होती. तो दोन दिवस काहीच बोलला नाही म्हणे, मग म्हणाला, "मी घरी विचारतो, पण माझ्यापुरतं सांगतो, मला चालेल." घरच्यांचं उत्तर अजून यायचंय. आईचं रडू थांबलंय, पण होकार नाही. 'स्मृतिचित्रे' मात्र घरात फिरतंय. आधी पोरीनं वाचलं, आता आई चष्मा लावून वाचतेय.

"काकू, पुस्तक एवढ्यात परत नाही मिळणार," पोरगी हसत म्हणाली. "आई म्हन्ते, त्या बाईच्या चुलीचं पुढे काय झालं, ते पाहू दे पहिले."