पापड लाटण्याआधी पिठाची सोय

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की पापडांचा घरगुती धंदा काढायचं बऱ्याच जणींच्या मनात येतं. लाटायला हात तयार असतात, ओळखीतलं गिऱ्हाईकही मिळतं. मग अडतं कुठं? ते मी शेजारच्या वहिनींकडे डोळ्यांनी पाहिलं.

वहिनींनी साठवलेले पैसे घालून पापड सुरू केले. उडदाचं पीठ एकाच दुकानातून, तेही लागेल तसं आणायचं. लग्नघरची मोठी ऑर्डर आली आणि दुकानदार म्हणाला, "माल आलाच नाही." घाईघाईने दुसरीकडून आणलेल्या पिठाला चिकटपणा नव्हता. पापडांच्या कडा चिरल्या, ऑर्डर परत आली. पैसे गेलेच, पण "आता कुठल्या तोंडानं ऑर्डर मागू?" हे त्यांचं दुःख त्याहून मोठं होतं. दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता. किती माल कधी लागेल, हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

लिज्जत पापडाची हकिगत आठवा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! सुरुवातीला त्या भारी आणि हलके असे दोन प्रतींचे पापड करत. छगनलाल पारेख यांनी त्यांना बजावलं, एकच चांगली प्रत ठेवा. आता प्रत एक ठेवायची तर पीठही दर वेळी तसंच मिळायला हवं ना?

आपल्या शाहूवाडीत पाऊस लागला की ऊन दिसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर कोल्हापूरचा रस्ताच बंद झाला. म्हणून पुढची तयारी आधीच करा.

दोन-तीन दुकानांतून एकेक किलो पीठ आणा, थोडे पापड लाटून-तळून पाहा आणि वहीत लिहा. एक मुख्य दुकान ठरवा; पण थोडा माल दुसऱ्याकडूनही घेत राहा, म्हणजे अडीनडीला तो ओळख दाखवील. जवळ मलकापूरचं एक आणि कोल्हापूरचं एक असलं तर उत्तम.

शिल्लक किती ठेवायची? समजा, रोज ३ किलो पीठ लागतं आणि सांगितल्यावर माल यायला ४ दिवस लागतात. ते झालं १२ किलो. त्यात कामाच्या ६ दिवसांचं १८ किलो जादा धरा. डब्यात ३० किलो उरलं, की लगेच सांगायचं. पावसाळ्यात हा आकडा वाढवा, मात्र साठा कोरडा ठेवा.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका, बिल मागून घ्या आणि उधारी ठरल्या दिवशी चुकती करा. किलोमागे रुपया-दोन रुपयांसाठी चांगलं दुकान सोडू नका. आणि घरात पीठ असल्याशिवाय ऑर्डर घेऊ नका.

वहिनींनी यंदा पुन्हा पाट मांडला आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी वही उघडली, पोळपाट नंतर घेतला!